अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

वर्तमानपत्राखालून उजेड येत होता, कागद थरथरत होता आणि शेजारची उप्पिटाची रिकामी बशी बारीक किणकिणत होती... हेमावतीनं पेपर उचलला. खाली चेतनचा फोन. न्हाणीघरातून त्यानंच ओरडून सांगितलं होतं, "आई, फोन कुठं ठेवलोय की! जरा रिंग दे बघू." म्हणून तिनं आपल्या फोनवरून रिंग दिली होती, तेव्हा तिथं उमटायला हवं होतं ते तिचंच नाव. आई, अम्मा, निदान हेमावती. तिथं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं : पोलर बेअर.

तिनं आपला फोन बंद केला, तसं ते नाव विझलं. पुन्हा लावला. पुन्हा पोलर बेअर.

"सापडला का?"

"सापडला," असं म्हणून तिनं फोन पालथा ठेवला आणि उगाचच लिंबू कापायला घेतलं.

कानडी मुलखातल्या या गावात, लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला या दोन शब्दांचा अर्थ कुणी सांगायला नको. ध्रुवावरचं पांढरं अस्वल, संपलं. पण तिच्या पेपरात प्रश्न तेवढ्यावर कधी सुटायचा नाही. अर्थाला एक गुण आणि वाक्यात उपयोगाला दोन. माझी आई पोलर बेअर आहे... व्याकरण शुद्ध, काट मारायला जागा नाही, आणि तरी हे वाक्य तिच्याच्यानं पुढं तपासवेना.

बेअर तसं घरचंच. चेतन सहा वर्षांचा असताना ती वर्गात काय आणि घरात काय, ऊठसूट बजावायची, "माझी करडी नजर आहे हं!" आणि उणकलच्या गल्लीत दिवसभर कन्नड बोलून येणाऱ्या त्या पोराला करडी म्हणजे एकच ठाऊक, अस्वल. आईची नजर अस्वलाची! त्यानं ती बातमी गल्लीभर केली, आणि मग शाळेतून येताना ती वळणावर दिसली रे दिसली की "करडी बंतु! करडी बंतु!" – अस्वल आलं म्हणून पोरं पळत सुटायची, चेतन तेवढा उलटा धावत येऊन तिच्या पोटाला मिठी मारायचा. अस्वलाची मालकी त्याच्याकडे होती ना! एका अक्षराच्या चुकीसाठी मुलांना वर्गाबाहेर उभं करणाऱ्या हेमावतीनं ही एक चूक आयुष्यात मुद्दाम राहू दिली.

म्हणजे बेअर माझंच. पण पोलर?

स्मृतीनं लावलं असेल, सुनेला काय... दुसऱ्याच्या माथी मारायला मन किती तत्पर असतं! पण तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी चेतननं बेंगळुरूत नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि केल्यावर कळवलं, त्या दिवसापासून तिनं अबोला धरला. चौदा महिने. रागानं फोनच न उचलणाऱ्या आया असतात, ही उचलायची. दर रविवारी दहा वाजता उचलून कानाला लावायची आणि हूं की चूं करायची नाही. तो एकटाच बोलायचा – ऑफिस, पाणी न येणं, स्मृतीचा खोकला – तीन-चार मिनिटं, मग "ठेवतो आई." तिला वाटायचं, बरी अद्दल घडतेय. एका रविवारी फोन आलाच नाही तेव्हा सोमवारी तिनंच लावला. "ताप आहे काय रे?" एवढंच. त्यानंतर त्या चौदा महिन्यांचा विषय दोघांनीही काढला नव्हता.

आणि काल जेवताना तो म्हणाला होता, स्मृतीला सातवा लागलाय, तिला आई नाही, तू ये. बाळंतपणाला ये आणि मग राहाच. "उद्या सांगते," असं ती तोऱ्यात म्हणाली होती खरी. मनात साड्या निवडूनसुद्धा झाल्या होत्या. आता लिंबाच्या बिया काढता काढता तिच्या डोक्यात तो शब्द नुसता घुमत राहिला. बेअर म्हणजे वाहणे, बेअर म्हणजे जन्म देणे, बेअर म्हणजे सोसणे. मला बोलावतायत की सोसायचं ठरवतायत? या नावाच्या बाईला कुणी आपल्या बाळाजवळ बोलावतं का? चेतन न्हाऊन आला, उप्पिट खाल्लं, आणखी मागितलं. त्याला वाढताना तिनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मीठ पुरेसं आहे का एवढंच विचारलं.

रिक्षा दारात आली. चेतननं बॅग खांद्याला लावली.

"मग आई, काय ठरवलीस? स्मृती विचारतीय सारखी."

"पोलर कधी लावलंस रे?"

कळायला त्याला क्षण लागला, मग तो कानापर्यंत लाल झाला. काहीतरी थट्टेचं बोलून वेळ मारून नेईल असं तिला वाटलं. न्यावी, अशी इच्छाही झाली.

"तू बोलत नव्हतीस बघ, तेव्हा," तो म्हणाला. "आधी नुसतं बेअर होतं. एकदा तेही काढून टाकावं म्हटलो. काढवलं नाही."

रागवावं की रडावं हे ठरायच्या आत तिला कळलं, आपण पुन्हा अबोला धरायला निघालोय. ओळखीचा होता तो. चौदा महिने मुक्काम केलेला. आणि ती भ्यायली – त्याला नाही, त्या नावालाही नाही. बेंगळुरूच्या तिसऱ्या मजल्यावर दूध उतू गेलं, टोपडं आपण सांगितलं तसं बांधलं नाही, असल्या फुटकळ गोष्टीवरून तो पुन्हा धरला तर... आणि त्या तान्ह्याला काय ठाऊक, की या बाईला बोलता येतं...

"सर, टाइम आगतदरी," उशीर होतोय म्हणून रिक्षावाल्यानं हाक दिली.

"मी तिथं येऊन परत गप्प बसले तर?" हेमावतीनं विचारलं. उत्तर न येणाऱ्या मुलीसारखा आवाज, तिचा तिलाच अनोळखी.

चेतन "छे, काहीतरीच" असं म्हणाला नाही. बॅग खाली ठेवून तो पायरीवर बसला आणि खरोखरच विचार करू लागला. तो इतका वेळ घेत होता, आणि तरी तिला किती वर्षांनी वाटत होतं, की याच्याशी आता बोलता येईल.