बाकावरचा कॅप्टन

मॅचच्या आदल्या संध्याकाळी टीमने हळदीला जाऊ नये, हे मी आठवडाभर घसा फोडून सांगत होते. पण बायकोचं ऐकलं तर मर्दांची इज्जत जाते ना! गेले सगळे.

हळद होती विकीची, म्हणजे मितेश गायकरच्या धाकट्या भावाची. आणि मितेश म्हणजे आमच्या टीमचा मालक. शीळ रोडला त्यांची पिढीजात भातशेती होती, तिथे आता टॉवर उभे आहेत. पैसा आला, हौस आली आणि प्रो लीग सुरू झाल्यावर पठ्ठ्याने बास्केटबॉलची टीमच विकत घेतली. उल्हास ईगल्स. कॅप्टन माझा नवरा, सुदेश घाडी, डोंबिवलीचा. आजवर तो कंपनीच्या टीमकडून खेळला. प्रेक्षक म्हणजे एक वॉचमन आणि मी. आणि आता छत्तिसाव्या वर्षी ठाण्याच्या टेंभी नाक्यावर त्याचा दोन माणसांएवढा फोटो! मला तर तिथेच रडू आलेलं.

पुढे सीझन सुरू झाला आणि काय सांगू, हरलो ते हरतच गेलो. ठाण्यात, टीमच्या स्वतःच्या हॉलमध्ये, तर एकही मॅच जिंकलो नाही. सोसायटीतले लोक आधी 'ऑल द बेस्ट' म्हणायचे, मग 'होतं असं' म्हणायला लागले, मग लिफ्टमध्ये नुसते आकड्यांकडे बघायला लागले. आमची सान्वी दुसरीत आहे. प्रत्येक मॅचला गालावर गरुड रंगवून घ्यायची आणि येताना तो रडून रडून पुसलेला असायचा. वर्गातली कार्टी तिला 'हरलेल्यांची' म्हणायची.

मी सगळं खापर कोचवर फोडत होते. अपूर्व सर. सुदेशपेक्षा वयाने लहान, सदानकदा लॅपटॉपमध्ये डोकं. मी तोंडाची फटकळ. एकदा हॉलच्या दारातच त्याला ऐकवलेलं, "सर, गेम कोर्टवर असतो, स्क्रीनवर नाही." बिचारा लॅपटॉप काखेत मारून आत गेला.

शेवटच्या मॅचपर्यंत पुढे जायचा चान्स केव्हाच गेलेला. पण ती सुदेशचीही शेवटची मॅच होती, त्याने तसं जाहीरच केलेलं. "एकदाच शीला," तो म्हणालेला, "सान्वीसमोर एकदाच जिंकायचंय. मग बूट माळ्यावर."

आणि आदल्या दिवशी हळद. कोच नको म्हणाला, मी नको म्हणाले. मितेश सुदेशला म्हणाला, "दादा, तासभर या. घरची हलद हाय. आपली मानसं नाय आली तर गाव काय बोलंल?" आता याला नाही कोण म्हणणार?

तसं कौतुक आमचं कोणी कधी केलं नव्हतं, हेही खरं. मांडवात बाया लग्नाचे धवले गात होत्या, एकीकडे बँजो, एकीकडे वड्यांचा घाणा. मितेशची आजी आवडाबाई सुदेशकडे मान वर करून बघत म्हणाली, "याला हलद लावाची तं शिडी आना रं!" मांडव हसला. सुदेश तिच्यासमोर गुडघ्यावर बसला, तिने दोन्ही गालांना हळद चोपडली. मग बँजोवाल्यांनी ठेका धरला आणि पोरांनी नवरदेवाला सोडून आमच्या कॅप्टनला खांद्यावर घेतलं. "अरे, उतरवा त्याला!" मी ओरडले. कोण ऐकतंय? साडेसहा फुटांचा माणूस तो, खालचा एक पोरगा लचकला आणि सुदेश आडवा कोसळला. घोटा बघता बघता टम्म सुजला.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन बाकावर. पायाला बर्फ, नखांत हळद. मी मितेशशी बोललेच नाही. म्हटलं, गेली ही मॅच पण.

आणि पोरं धावायला लागली. अशी धावली की मी उभीच राहिले. मी एकही मॅच चुकवलेली नाही, म्हणून मला लगेच दिसलं. एरवी बॉल हातात आला की ती मान वळवून आधी दादाला, म्हणजे सुदेशला, शोधायची, दादा येईपर्यंत थांबायची. आज शोधायला दादा नव्हता. बॉल इकडून तिकडे गेला की बास्केट. दणदणीत जिंकलो. मागचा एक माणूस म्हणाला, "म्हातारा बसला आणि टीम सुटली." मी गर्रकन वळले त्याला फाडून खायला, आणि तशीच परत फिरले; मला दिसलेलं तेच तर तो बोलला होता. सुदेश मात्र उठून, एका पायावर, टाळ्या वाजवत होता.

मॅचनंतर हॉलच्या पायऱ्यांवर टेकलो. सान्वी पोरांसोबत फोटो काढत होती.

"अपूर्वने मला पहिल्याच महिन्यात सांगितलेलं," सुदेश म्हणाला. "दादा, आधी बाकावर बस, शेवटची दहा मिनिटं खेळ. पोरं तुझ्यासाठी थांबतायत."

"मग?"

"मी मितेशकडे गेलो. तो कोचला बोलला, आपला मानूस बाकड्यावर बसनार नाय, तुला जमत नसंल तर तू जा. मी तिथेच उभा होतो, शीला. एक शब्द बोललो नाही."

इतके महिने मी कोणाला शिव्या घातल्या! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय? मला सुदेशचा भयंकर राग आला. आणि तो असा पाय पसरून बसलेला बघून घोट्यावरची घसरलेली बर्फाची पिशवीही मीच सरळ केली. अख्खा सीझन त्या एका न बोललेल्या शब्दापायी गेला होता.

"अपूर्व सरांना भेटलास?"

"आता जातो. तू येशील?"

"येते. मलाही त्यांची माफी मागायचीय."

तेवढ्यात सान्वी धावत आली. गालावरचा गरुड पहिल्यांदाच शाबूत होता.

"बाबा, जिंकलो! पाहिलंस ना? पुढच्या वर्षी पण तू असाच बसशील ना?"

मी तिला गप्प करणार होते. सुदेशने माझा हात दाबला.

"बसेन," तो म्हणाला, आणि रंग पुसणार नाही अशा बेताने तिचा गाल धरला.