चकतीतली खोट

बाबा आणि काका एकाच गल्लीत राहतात, पण मध्ये कितीतरी वर्षं समोरासमोर आले की दोघांनाही चपलेचा अंगठा नीट करायचं सुचायचं. भांडण एका चांदीच्या नाण्यावरून. बाबा शाळेत शिकवतात. वर्गात दाखवायला म्हणून त्यांनी ते काकांकडून नेलं, आणि परत दिल्यावर काकांना त्याच्या मागच्या बाजूला आडवी खाच दिसली. "पोरांच्या हातात देऊन वाट लावलीस!" असं म्हणून काकांनी जे तोंड फिरवलं ते फिरवलंच.

मी नाण्यांची श्रेणी ठरवणाऱ्या कचेरीत काम करते. परवा काका सगळा संग्रह तपासून घ्यायला तिथे आले. शेवटची पुडी त्यांनी माझ्यापुढे ढकलली. "हे खराब मालात टाक. तुझ्या तीर्थरूपांची करणी."

मी भिंगातून पाहिलं. भिंग पुसून पुन्हा पाहिलं. घरचं प्रकरण, म्हणून काही न बोलता नाणं आमच्या मोठ्या बाईंकडे नेलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी ते दिव्याखाली तिरकं धरलं आणि काकांनाच आत बोलावलं.

"खराब कोण म्हणालं? चरा नंतर पडला असता तर वेलीची नक्षी कापली गेली असती, कडेला धातू वर आला असता. इथे वेल खाचेत उतरून पलीकडे चढलीय. म्हणजे खाच आधी, ठसा नंतर. कोऱ्या चकतीतच खोट होती. टांकसाळीतूनच हे असं बाहेर पडलं."

"मग मला आधी कसं दिसलं नाही?"

"ठेवलं कुठे होतं?"

"फ्रेममध्ये." काका थांबले. "मागची बाजू भिंतीकडे."

"श्रेणी एक-दोन पायऱ्या उतरेल," बाई म्हणाल्या, "पण खराब केलेलं नाणं असा शेरा बसणार नाही."

"टांकसाळीची चूक असली की भाव चढतो म्हणतात?"

"ठसा सरकला, दोनदा उमटला, तर हौशी लोक जीव टाकतात. असल्या खड्ड्याला कोण विचारतंय!"

काका हसले नाहीत. त्यांनी पाणी मागितलं. मग हळूच मला म्हणाले, "तो शपथेवर सांगत होता गं. मी दार लावून घेतलं."

संध्याकाळी ते माझ्याबरोबरच घरी आले. दार उघडताच आई आत बघून ओरडली, "अहो, बाहेर या! भाऊजी आलेत!"

काकांची बोलण्याची गाडी दोन-तीनदा अडली. शेवटी त्यांनी नाणं आणि भिंग बाबांच्या हातात ठेवलं. "तुझ्यामुळे नव्हतं झालं. माझं चुकलं."

बाबांनी भिंग डोळ्याला लावून ती खाच पाहिली. "खरं सांगू, दादा? तू इतकं ठासून बोललास की मलाच वाटायला लागलं होतं, पडलं असेल एखाद्या पोराच्या हातून. नंतर वर्गात कधी काही नेलंच नाही मी."

आईनं पुढे केलेल्या खुर्चीवर काका टेकले.

"सोमवारी ने," ते म्हणाले. "हेही ने, बाकीचीही ने. नाहीतर असं कर, मीच येतो."

"मुलं हाताळणार हं."

"हाताळू देत की!"

सोमवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून शाळा भरायच्या आधीच फाटकापाशी उभे होते.