टोपलीतलं वाचायचं नाही

मी टोपली बोलतेय. भाजीची नाही, फुलांची तर नाहीच नाही. टेबलाखाली बसून, लोकांनी नको म्हटलेले कागद पोटात घेणारी वेताची टोपली. जराशी तिरकी आहे, पण तो दोष माझा नाही. मला विणणाऱ्याचं त्या दिवशी बायकोशी भांडण चाललं होतं आणि रागाच्या भरात त्यानं तळाचा एक फेरा जास्तच ओढला. संध्याकाळपर्यंत त्या दोघांचं गोडही झालं. मी मात्र तिरकी ती तिरकीच राहिले.

पहिली नऊ वर्षं मी एका कचेरीत काढली. अर्ज, अर्जांच्या नकला, नकलांवरचे शेरे. वाचायला मी तिथंच शिकले. एक गोष्टही शिकले. माणूस जे खरं लिहितो ते पहिल्या कागदावर. मग तो कागद चुरगळून माझ्याकडे येतो आणि दुसऱ्या कागदावर 'विनंती विशेष' सुरू होतं. एका कारकुनानं एकदा साहेबांना लिहिलं होतं, 'मला तुमचा आवाज ऐकला की पोटात दुखतं.' ते पत्र मी वाचलं. साहेबांना मिळाला तो रजेचा अर्ज.

पुढे कचेरीत पत्र्याच्या टोपल्या आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. चार वर्षं कोळ्यांच्या सोबतीनं काढली. तिथून जुन्या सामानाच्या दुकानात, आणि तिथून बाईंच्या घरी.

बाई म्हणजे लेखिका. कविता लिहितात, कथा-कादंबऱ्या लिहितात. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीसमोर छापखान्याची मागची भिंत. त्या भिंतीकडे बघत त्या रोज सकाळी लिहायला बसायच्या. नाव मोठं होतं, पण पुस्तकं अशी की वाचणारा दोन दिवस गप्प होई. त्यांच्या कथेत दार असलं की ते बंद असायचं. कुणी हाक मारली की उत्तर यायचं नाही. आणि एक पुरुष प्रत्येक पुस्तकात निघून जायचा, पाठमोरा. त्यांच्या गाजलेल्या कवितेच्या दोनच ओळी सांगते:

दार मी लावलं नव्हतं, नुसतं ओढून घेतलं होतं;
मग कडी कुणी घातली?

एका मासिकाचे संपादक एकदा मुलाखत घ्यायला आले होते. चहा पिऊन झाल्यावर घसा साफ करून त्यांनी विचारलं, "तुमच्या लेखनात एवढा अंधार का?"

"विजेचं बिल कमी येतं," बाई म्हणाल्या.

संपादक हसले, पण ते वाक्य त्यांनी छापलं नाही. छापलं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक असलेलंच. आई लहानपणी गेली, वडील घरात असून नसल्यासारखे, धाकट्या भावाला यांनीच लहानाचा मोठा केला. त्या भावाला एकतिसाव्या वर्षी मनाचा आजार जडला. दीड वर्ष तो झुंजला आणि एका सकाळी घरातून गेला तो आलाच नाही. तीन दिवसांनी कालव्याच्या खालच्या अंगाला सापडला. मागे बायको आणि चार वर्षांची मुलगी. त्यानंतर बाईंचा पहिला कवितासंग्रह आला. दुःख झालं म्हणून दुःखाचं लिहिलं, असा सरळ हिशोब लोकांनी मांडला.

तो हिशोब अर्धाच खरा आहे. ज्या दिवशी बाईंना खरंच उठवत नसे, त्या दिवशी त्यांना दूधवाल्यासाठी चिठ्ठीसुद्धा लिहिता यायची नाही. अंधाराची पानं यायची ती झोप नीट झालेल्या सकाळी, ओळ न् ओळ सतरा वेळा खोडून. ती मेहनत मी पाहिली आहे. आणि मी आणखी एक गोष्ट पाहिली होती, जी दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती.

बाईंची लिहायची एक पद्धत होती. खरं लेखन सुरू करण्याआधी त्या रोज एक पान नुसतं हात मोकळा करायला लिहायच्या. जुन्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर, भरभर, एकही खाडाखोड न करता. पान संपलं की वाचायच्यासुद्धा नाहीत. थेट माझ्यात. आणि त्या प्रत्येक पानावर त्यांचा भाऊ असायचा, जिवंत. कुकरची शिट्टी झाली की तोही शिट्टी मारायचा, मग किती शिट्ट्या झाल्या ते कुणालाच कळायचं नाही आणि आतला सगळा लगदा व्हायचा. बहिणीला सायकल शिकवताना तो तिच्यापेक्षा जोरात ओरडायचा. अठरा वर्षं मी त्याच्याबरोबर हसले. दर शनिवारी रद्दीवाला यायचा आणि आठवड्याचा भाऊ घेऊन जायचा.

त्यातली पंधरा वर्षं सरली तेव्हा भाची आली. तीच चार वर्षांची मुलगी आता चोवीस वर्षांची झाली होती. तिच्या आईनं दुसरं लग्न केलं होतं. आई वाईट नव्हती, पण त्या घरात पहिल्या माणसाचं नाव काढायचं नाही असा अलिखित नियम होता. फोटोसुद्धा नव्हता. मुलीनं सोळाव्या वर्षी आत्याची पुस्तकं वाचली आणि तिला बाप भेटला तो असा, प्रत्येक पुस्तकात निघून जाणारा. शहरात तिला एका लॅबमध्ये रक्त-लघवीचे रिपोर्ट टाईप करायची नोकरी लागली आणि ती आत्याकडे राहायला आली. आत्याची पुस्तकंही तीच टाईप करू लागली. बाई तिला 'टकटक' म्हणायच्या.

टकटकला दोन नियम घालून दिले होते. टेबलावर असेल ते जसंच्या तसं टाईप करायचं, विचारायचं नाही. आणि टोपलीतलं वाचायचं नाही.

पहिल्या वर्षी तिनं एकदा धीर करून विचारलं होतं, "आत्या, बाबा कसे होते गं?"

"पुस्तकात आहे की सगळं," बाई म्हणाल्या आणि पेनाचं टोपण शोधू लागल्या. टोपण पेनालाच होतं.

पोरीनं पुन्हा विचारलं नाही. दर शनिवारी ती मला उचलायची, मान वळवायची आणि रद्दीवाल्याच्या पोत्यात रिकामी करायची. तिला हवा होता तो माणूस तिच्याच हातानं जात होता. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते.

तीन वर्षं अशीच गेली. मग बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. पाठकोऱ्या कागदावर मागची अक्षरं दिसून गोंधळ व्हायला लागला, म्हणून हात मोकळा करायलाही त्या कोरे कागद वापरू लागल्या, आणि दर वेळी वाकून मला शोधण्यापेक्षा ती पानं आठवडाभर टेबलावरच साठवू लागल्या. नव्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण तेव्हा चाललं होतं. एका सकाळी दोन्ही गठ्ठे शेजारी शेजारी होते. बाईंनी हातानं चाचपलं आणि अकरा पानांचं प्रकरण माझ्यात टाकलं. टेबलावर राहिली ती त्या आठवड्याची, टाकायची राहून गेलेली सहा पानं.

संध्याकाळी टकटक टाईप करायला बसली. पहिल्या चार ओळी झाल्या आणि तिची बोटं थांबली. एरवी त्या बोटांना अर्थाशी देणं-घेणं नसायचं. तिनं ते पान उचलून दिव्याखाली धरलं. मग खुर्ची मागे सारून उभ्याउभ्याच सहाही पानं वाचली. आणि पहिल्यांदाच तिनं वाकून माझ्यात पाहिलं.

तिला सगळं कळलं. आत्याला सांगितलं तर प्रकरण टेबलावर येणार आणि बाप टोपलीत जाणार. तिनं अकरा पानं काढली, सहा पानं त्यांच्याबरोबर ठेवली आणि सगळं आपल्या पर्समध्ये घालून चेन ओढली. बाईंना म्हणाली, "टाईप होतंय हळूहळू." खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचे कान लाल होतात. बाईंना ते दिसायचं कारण नव्हतं.

दोन आठवडे ती पर्स तिनं खांद्यावरून उतरवली नाही. मग एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा धुकट, वाचायला सक्त मनाई. चौथ्या दिवशी सकाळी बाई खुर्चीत टेकून म्हणाल्या, "शेवटचं प्रकरण वाचून दाखव. प्रकाशकाला द्यायचंय."

टकटकच्या मांडीवर दोन्ही गठ्ठे होते. अकरा पानं वाचली असती तर कुणालाही काहीही कळलं नसतं. सहा पानं तिच्याकडे कायमची राहिली असती, चोरून ठेवलेली. तिनं अकरा पानं बाजूला ठेवली आणि वाचायला सुरुवात केली.

"'बाळ झोपलं की त्याला नेमकी शिंक यायची. बाळ उठू नये म्हणून तो नाक दाबून तीन जिने उतरायचा आणि खाली जाऊन शिंकायचा. वर येईपर्यंत दुसरी आलेली असायची. एका दुपारी तो सहा वेळा खाली गेला. बायको म्हणाली, डॉक्टरकडे जा. तो म्हणाला, गेलो होतो, डॉक्टर म्हणाले, तळमजल्यावर घर घ्या…'"

"थांब!" बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "टोपलीत हात घातलास तू? कुणी सांगितलं तुला टोपलीत हात घालायला?"

"हे टेबलावर होतं. टोपलीत तुझं शेवटचं प्रकरण होतं."

"काय?"

"अकराच्या अकरा पानं आहेत. मी जपून ठेवलीत. पंधरा दिवसांपूर्वीच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. तुला मला घालवून द्यायचं असेल तर दे. पण आत्या, ते बाळ म्हणजे मी ना?"

बाई पुन्हा खुर्चीत टेकल्या. फार हळू म्हणाल्या, "तूच. दुसरं कोण असणार?"

"आणि हे तू रोज लिहितेस?"

"रोज. अठरा वर्षं झाली."

"आणि टाकतेस?"

"ते साहित्य नव्हे गं. नुसता हात मोकळा करायला…" त्यांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली. "तो पुन्हा हसायला लागला की मला पुढे लिहवत नाही. म्हणून आधी लिहून टाकायचं. म्हणजे मग मी मोकळी."

टकटक रडत होती आणि रडता रडता तिचं तोंड चाललं होतं. "अठरा वर्षं. वर्षाची तीनशे पानं धर. पाच हजार पानं, आत्या. त्यातली तीन वर्षांची मी माझ्या हातानं पोत्यात ओतली. तू मला वाचू नको म्हणालीस म्हणून."

तो आकडा ऐकून बाईंचा चेहरा असा झाला की मला बघवेना. भाऊ एकदा गेला होता, ते त्यांनी सगळ्या जगाला सांगितलं होतं. पाच हजार वेळा आपणच त्याला बाहेर काढलं, हे त्यांना आज कळत होतं. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कुणी ऐकलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "वाच. राहिलेली पाचही वाच."

तिनं वाचली. मग ते अकरा पानांचं प्रकरणही वाचलं. ते इतकं काळंकुट्ट होतं की खोलीतला उजेड कमी झाल्यासारखा वाटला.

"चांगलं झालंय," टकटक जिवावर आल्यासारखी म्हणाली.

"झालंयच. पुस्तकात तेच जाईल." बाईंनी चाचपडत तिचा हात शोधला. "तोंड पाडू नकोस, मला दिसत नसलं तरी कळतं. पुस्तकात आहे ते माझं दुःख. ते खरं आहे, ते मी पुसणार नाही. पण तुझा बाप तेवढाच नव्हता. तू सकाळची अर्धा तास आधी उठत जा. आठवेल ते सांगते, तू टाईप कर. आपल्या दोघींसाठी."

त्या दिवसापासून हात मोकळा करायचं पान तोंडीच होऊ लागलं. पट्टी सुटली, चष्मा आला, तरी पद्धत तीच राहिली. कादंबरी छापून आली. 'लेखिकेचा अंधार अधिकच गडद झाला आहे,' असं त्याच संपादकांनी लिहिलं, तेव्हा त्या दोघी शिट्ट्यांच्या पानावर येऊन खोखो हसत होत्या.

एक सकाळ मात्र सांगायलाच हवी. टकटकनं कीबोर्डवरून हात न उचलता विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं?"

हे बाईंनी कधी माझ्यातसुद्धा टाकलं नव्हतं. मी कान टवकारले.

"तेव्हा आम्ही सगळे एकत्रच राहायचो. मी लिहीत होते," बाई म्हणाल्या. "तो दारात आला. म्हणाला, ताई, चहा टाकू? मी म्हटलं, नंतर. आणि दार ओढून घेतलं."

"मग?"

"मग काही नाही. तेवढंच."

टकटकनं खुर्ची आत्याकडे वळवली. मग म्हणाली, "आत्या, मी तुला दिवसातून दहा वेळा 'नंतर' म्हणते."

बाईंनी वर पाहिलं.

"तो आजारी होता गं," ती म्हणाली. "दीड वर्ष आजारी होता. तू नुसती लिहीत होतीस."

तेवीस वर्षांत हे वाक्य त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हणायचा अधिकार जिला होता, तीच म्हणत होती. बाईंनी टेबलावर डोकं टेकलं. टकटकनं एका हातानं त्यांची पाठ थोपटली आणि दुसऱ्या हाताच्या एकाच बोटानं ते सगळं जसंच्या तसं टाईप केलं.

आता माझ्यात फारसं काही पडत नाही. पेन्सिलीची सालपटं, औषधाची रिकामी पाकिटं, कधी एखादी खोडलेली ओळ. वेत सुटत चाललाय, एकदा तळ गेला की माझंही आटोपलं. तक्रार नाही. तुमच्याही टेबलाखाली माझी एखादी बहीण असेल. तिच्यात काही टाकण्याआधी, घरात कुणी त्याच कागदाची वाट बघत नाही ना, तेवढं बघा. ती उपाशी राहिली तरी चालेल.

आता मला जाऊ द्या. सकाळ झालीय, टकटकनं खुर्ची ओढलीय आणि बाई सांगायला लागल्यात. आजचं मी आधी कधीच ऐकलेलं नाही. जरा गप्प बसा, मला ऐकू द्या.