सोळातले साडेतेरा

आयरीन साल्मी विमा कंपनीत होती, दावे तपासायच्या खात्यात. जळालेल्या गाड्या, भिजलेले गालिचे, चोरीला गेलेले टीव्ही असं सगळं तिच्या टेबलावरून जायचं आणि त्यातलं निम्मं खोटं निघायचं. असं काम बरीच वर्षं केलं की माणूस घरीही तसाच होतो. शेजारीण सहज म्हणाली, "आज डोकं दुखतंय," तरी आयरीनच्या मनात पहिला प्रश्न यायचा, कधीपासून, आणि याला साक्षीदार कोण? त्यात भाऊ डेलसारखा. मग तर बोलायलाच नको.

डेलने नशेच्या गोळ्यांच्या नादात घर धुऊन नेलं होतं. आईची अंगठी, वडिलांची हत्यारांची पेटी, त्यांच्या ट्रकमधला रेडिओ, जे हाताला लागेल ते. आईच्या अंत्यविधीला तो आला तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं. पुढे तो व्यसनमुक्ती केंद्रात गेला, बाहेर आला, टिकला. वडील हट्टालाच पेटले म्हणून आयरीनने त्याला आपल्या घराच्या तळघरातली खोली दिली, पण एका अटीवर. ती अट तिने सकाळी नाश्त्याच्या टेबलावर, वडिलांच्या देखत सांगितली.

"या घरातून एक वस्तू जरी गायब झाली ना डेल, तर त्याच दिवशी तू बाहेर. का, कसं, कुठे, मी काही ऐकून घेणार नाही."

"कबूल," डेल म्हणाला.

त्यांचा म्हातारा बाप आर्वो पॅनकेक खात होता. त्याने मान वर केली. "माझ्या ताटातला पॅनकेक गायब झालाय. चौकशी आत्ताच सुरू कर."

आर्वोचा उभा जन्म ट्रकच्या चाकामागे गेला होता. कॅनडातल्या थंडर बेहून विनिपेग, विनिपेगहून परत, बर्फ असो की धुकं. मग मेंदूत गाठ आली, एक पाय लुळावला, डाव्या डोळ्याची निम्मी नजर गेली आणि सरकारने लायसन्स काढून घेतलं. पायाचं त्याला काही वाटलं नाही, पण लायसन्स गेल्यावर तो खचला. दिवसभर खिडकीशी बसून हायवेवरच्या ट्रकांचे आवाज ऐकायचा आणि मधूनच पुटपुटायचा, "चुकीचा गिअर टाकला गाढवाने."

त्याला कॉम्प्युटरवर ट्रक चालवायला द्यायचा, ही कल्पना डेलची. खराखुरा भासेल असा ट्रक, खरे रस्ते, हातात स्टिअरिंग. "आणि धडकलास तरी कोणी मरत नाही, डॅड." हे ऐकून म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की आयरीनला नाही म्हणता येईना. तिला नाही म्हणायचं होतं, कारण पैसे वडिलांच्या खात्यातून जाणार होते आणि खरेदी डेल करणार होता.

तिने ऑफिसात एका सहकाऱ्याला विचारून घेतलं. तो म्हणाला, गेम खेळायच्या मशीनमध्ये पंखे लावलेलं एक भलंमोठं ग्राफिक्स कार्ड असतं, सगळ्यात महाग तेच. संध्याकाळी तिने डेलची यादी बघितली, तर त्यात कार्डच नाही.

"ते लागत नाही," डेल म्हणाला. "या प्रोसेसरच्या पोटातच चित्र काढायची सोय आहे. डॅडला ट्रक चालवायचाय, परग्रहावर लढाई नाही करायची. स्वस्तात होईल."

"सगळ्यात महाग वस्तू लागतच नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय."

"आणि महागडं कार्ड घेऊ म्हणालो असतो तर?"

"तर जास्तच संशय आला असता."

"म्हणजे मी तोंड उघडणं हाच गुन्हा. बरं आहे, इन्स्पेक्टर बाई."

बोर्ड आणि प्रोसेसर जुने घ्यायचे होते. त्यांच्या गावात अनोळखी माणसाकडून जुनी वस्तू घ्यायची तर दोघांनी पोलीस स्टेशनच्या पार्किंगमध्ये भेटायचं अशी रीत आहे. तिथे कॅमेरे असतात, कोणी कोणाला फसवत नाही. आयरीनने डेलला एकटं जाऊ दिलं नाही. गाडी तिनेच चालवली, इंजिन चालू ठेवून काचेआड बसली आणि डोळ्यांत तेल घालून बघत राहिली.

"पोलिसांच्या दारात मी आपल्या पायांनी जातोय," उतरताना डेल म्हणाला. "हे बघायला आई हवी होती."

विकणारा चौकड्यांच्या शर्टातला एक बारीकसा माणूस होता. दोघं त्याने आणलेल्या खोक्यावर वाकले, बोलले, हसले. मग त्या माणसाने खिशातून काहीतरी छोटंसं काढून डेलच्या हातात दिलं आणि डेलने ते जॅकेटच्या आतल्या खिशात सरकवलं. आयरीन काचेजवळ सरकली. पोलिसांच्या कॅमेऱ्याखाली! एवढी हिंमत!

डेल गाडीत बसला. तिने गाडी जागची हलवली नाही. "काय दिलं त्याने?"

"पेस्ट. प्रोसेसर तापू नये म्हणून लावायची. फुकट दिली बिचाऱ्याने."

"दाखव."

डेलने करंगळीएवढी ट्यूब पुढे केली. तिने झाकण काढलं आणि चक्क वास घेतला. डेल आधी बघतच राहिला, मग इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आयरीन हसली नाही. तिने गाडी गिअरमध्ये टाकली.

रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मशीन जोडायला घेतलं. बरणीच्या झाकणात स्क्रू घेऊन आर्वो शेजारी बसला होता. आयरीन बटाटे सोलत होती. तिघांना लागतील त्याच्या दुप्पट बटाटे तिने सोलले, कारण तिथून हलायचंच नव्हतं. डेलने मेमरीच्या दोन पातळ पट्ट्या उचलून दाखवल्या. "आठ आठच्या दोन, मिळून सोळा जीबी. एकच मोठी घेऊन भागत नाही. कार्ड नसलं की हिच्यावर सगळा भार येतो, म्हणजे कसं की—"

"भाषण नको," आयरीन म्हणाली. "बसव."

त्याने बसवल्या. पुढचं सगळं इतकं सुरळीत झालं की तेही तिला खटकलं. तासाभरात पडद्यावर रस्ता आला, निळं आकाश आलं, आणि आर्वो साल्मीने हातातलं चाक असं धरलं की जणू त्याने ते कधी सोडलंच नव्हतं. पहिल्याच वळणावर त्याने भोंगा वाजवला. "बाजूला हो रे, गवतखाऊ!" तो पडद्यावरच्या एका गाडीवर ओरडला. आयरीन सिंककडे तोंड करून उभी राहिली, तिला रडू येत होतं. तेवढ्यापुरतं तरी तिला भावाचं खरंच कौतुक वाटलं.

ते फार टिकलं नाही. शुक्रवारी तिने वडिलांसाठी अक्षरं मोठी करून द्यायला सेटिंग उघडलं. तिथे मशीनची माहिती होती. मेमरी सोळा. आणि पुढे कंसात, वापरता येण्याजोगी साडेतेरा.

तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने पुन्हा वाचलं. सोळा बसवली म्हणतो, वापरायला साडेतेराच, मग अडीच गेली कुठे? तिच्या टेबलावर रोज असेच दावे यायचे. गालिचा लोकरीचा म्हणून लिहायचं आणि खाली निघायचा नायलॉनचा. पाणी कुठे मुरतंय ते तिला ताबडतोब कळलं. चांगली पट्टी डेलने विकली आणि तिच्या जागी कसलीतरी सदोष, अर्धमेली पट्टी खुपसून दिली. कार्ड लागत नाही म्हणे! डॅडला काय कळतंय, असंच वाटलं असणार त्याला.

त्याला विचारावं असं तिच्या मनात आलंच नाही. पुरावा हातात येईपर्यंत संशयिताला विचारायचं नसतं, हे ती नव्या पोरींना ऑफिसात शिकवायची.

शनिवारी दुपारी डेल चर्चच्या तळघरातल्या त्याच्या सभेला गेला. व्यसनातून उठलेली माणसं तिथे जमायची, तो एकही शनिवार चुकवायचा नाही. आर्वो जेवून आडवा झाला होता. आयरीनने फोनवर पट्टी कशी काढायची त्याचा एक व्हिडिओ पाहिला, वीज बंद केली, मशीनची एक बाजू काढली, चिमटे दाबले आणि एक पट्टी उपसून घेतली. सँडविचच्या पिशवीत घालून तिने ती पर्समध्ये ठेवली, बाजू पुन्हा लावली आणि गाडी काढून मॉलमधल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेली.

दुकानदार डोनट खात होता. त्याने हात पुसले, पट्टी एका मशीनला लावली, थोडा वेळ वाट पाहिली. "आठ आहे. एकदम ठणठणीत."

"नीट बघा. माझ्याकडे सोळातले साडेतेराच दिसतात."

"वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे?"

"नाही."

"मग तसंच दिसणार. चित्र काढणाऱ्या भागाला स्वतःची मेमरी नसते, तो यातलीच थोडी बाजूला काढून ठेवतो. कुठे गेली नाही ती, घरातल्या घरातच आहे." तो डोनटकडे वळला. "आठवड्यातून एक तरी माणूस हे विचारायला येतो. आणि ही लवकर जागेवर लावा बरं का. एकाच पट्टीवर तुमचा गेम रडत चालेल."

आयरीनने त्याचे आभार मानले. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. हातात आलेली केस निसटावी तसं वाटलं, आणि त्याची तिला गाडीत बसल्यावर लाज वाटली. जाऊ दे, तिने ठरवलं. सभा अजून संपली नसेल. घरी जाऊन पट्टी लावून टाकू, कोणाला कळायचंही नाही.

घराचं दार उघडलं तेव्हाच तिला वडिलांचा आवाज ऐकू आला. इतका चढलेला आवाज तिने आई गेल्यापासून ऐकला नव्हता.

आर्वो लवकर उठला होता. त्याने मशीन सुरू केलं, तर ट्रक जरासा पुढे जायचा आणि थिजायचा, पुन्हा सरकायचा आणि थिजायचा. तेवढ्यात सभा आटोपून डेल आला, त्याने बाजू उघडली आणि दोघांनाही रिकामी खाच दिसली. आता डेल जमिनीवर बसला होता, मशीन पुढ्यात उघडं होतं आणि आर्वो काठीवर भार देऊन त्याच्यासमोर उभा होता.

"कुठे विकलीस?"

"डॅड, मी नाही घेतली."

"अंगठीच्या वेळीही हेच म्हणाला होतास. हेच, याच आवाजात! आणि मी मूर्ख, तुझ्या आईला म्हणालो, तूच कुठेतरी ठेवली असशील. ती मरेपर्यंत कपाटं उपसत राहिली, डेल. माझ्या शब्दाखातर. सगळ्यांशी भांडलो मी तुझ्यासाठी. आयरीनशी भांडलो."

नाही म्हणायचं ते डेलचं एकदा म्हणून झालं होतं. तो म्हणाला, "अट कबूल केली होती मी. बॅग भरतो."

आयरीन दारात उभी होती. तिला अजून कोणी पाहिलं नव्हतं. पर्स खांद्याला होती. गप्प राहिलं तर डेल तासाभरात निघून जाईल, तळघर मोकळं होईल, घराला कुलूप लावून निर्धास्त झोपता येईल. आणि ही पट्टी उद्या टेबलाखाली सापडू शकते. हे सगळं तिच्या मनात आलं. आलं नाही असं तिला पुढे कधी स्वतःलाही सांगता आलं नाही.

"डॅड," ती म्हणाली, "ती माझ्याकडे आहे."

तिने पिशवी काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. साडेतेराचा आकडा, दुकान, दुकानदार काय म्हणाला ते. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. आर्वो खुर्चीत बसला. "डेल," तो म्हणाला. त्याने हात मुलाच्या खांद्याकडे नेला, पण डेल तेवढ्यात पट्टी घ्यायला उठला होता आणि हात हवेतच राहिला.

"मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं," डेल म्हणाला. तो रागावलेला नव्हता, हेच आयरीनला सोसवेना. त्याने पट्टी खाचेत दाबली, बाजू लावली, मशीन सुरू केलं. ट्रक सुरळीत चालू लागला. "घे डॅड, चालव."

आर्वोने चाकाला हात लावला नाही. ट्रक आपोआप रस्त्याच्या कडेला गेला आणि थांबला.

"मी जरा चालून येतो," डेल म्हणाला आणि जॅकेट अडकवून दाराशी गेला.

"डेल, मी चुकले," आयरीन त्याच्या मागे गेली. "माझं चुकलं. पुन्हा असं होणार नाही, शप्पथ."

तो वळला. त्याने एकेक खिसा उलटा करून त्यातलं सगळं चपलांच्या कपाटावर मांडलं. बसचा पास, च्युइंगम, चुरगळलेला रुमाल, छोटा स्क्रूड्रायव्हर. "बघून घे, आयरीन."

"नको ना रे असं करू." तिला हुंदका आवरेना. तिने मान फिरवायला हवी होती, तिला ते कळतही होतं. पण भरल्या डोळ्यांनीच तिची नजर त्या वस्तूंवरून एकेक करत फिरली आणि स्क्रूड्रायव्हरवर अडली. हा आपल्या घरातला तर नव्हे?

डेलने तेही पाहिलं.