आतल्या बाजूची तार

आमची लेक भिंगरी घसरगुंडीवरून पडली आणि कोपराच्या जरा वर हाड मोडलं. ऑपरेशनआधी सर्जननं आम्हाला समोर बसवून बजावलं होतं. "हाड धरून ठेवायला कोपराच्या बाहेरच्या बाजूनं दोन तारा घालीन. तरी हाड हललं, तर आतल्या बाजूनं एक. त्या बाजूला करंगळीची नस असते, सुजेत ती हाताला लागत नाही, तारेनं दुखावू शकते. शुद्धीवर आली की बोटं हलवते का बघू. काही बिनसलं असेल तर ती तार लगेच काढू."

आतली तार घालावीच लागली.

माझा नवरा म्हणजे लेकीचा बिनपगारी नोकर. बुटाची नाडी तो बांधणार, दप्तर तो उचलणार, तिला काही विचारलं तर उत्तरही तोच देणार. "तिला हातपाय आहेत म्हटलं!" मी चिडवायचे. तो नुसता हसायचा.

संध्याकाळी शिकाऊ डॉक्टरीण आली. डोळे झोपेनं जड झालेले. "बोटं फाकव बघू, राणी."

भिंगरीनं रडवेलं तोंड केलं. "नाही येत."

"घाबरलीय हो ती," नवरा म्हणाला. बँडेजबाहेर आलेली तिची बोटं त्यानं अलगद धरली आणि एकेक करून लांब केली. "हे बघा, फाकतात की!"

डॉक्टरीण मान डोलावून पुढच्या खाटेकडे गेली. मीसुद्धा सुटकेचा निःश्वास टाकला.

काही आठवड्यांनी, तारा काढायच्या दिवशी, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं होतं. सर्जननं सुई टोचली, भिंगरीला कळलंच नाही. त्याचा चेहरा उतरला. "नस दुखावलीय. कदाचित सुधारेल, पण महिने जातील. पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. आमच्याकडून राहिलं."

राहिलं म्हणे! मला त्याचा, त्या पेंगुळलेल्या डॉक्टरणीचा, नवऱ्याचा, सगळ्यांचाच संताप आला. नवरा जिन्यात बसून ढसाढसा रडला. मी त्याच्या पाठीवर हातसुद्धा ठेवला नाही.

आता व्यायाम तोच करून घेतो. तिचा हात मांडीवर घेतो, बोटं सरळ करतो, फाकवतो. मग "आता तू कर हं," म्हणून आपला हात काढून घेतो. दोन्ही बोटं पुन्हा आत वळतात.

"बाबा, तूच कर ना," भिंगरी म्हणते. "तुला छान जमतं."