पेन्सिलीने लिहिलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना... आणि इथेच माझं घोडं अडतं. जुन्या छत्रीला किंवा जुन्या सायकलला ही अडचण येत नाही. त्या आपलं नाव सांगतात आणि मोकळ्या होतात. मला मात्र कुणी फोन म्हणालं, कुणी संगणक म्हणालं, आणि शाळेच्या नोंदवहीत तर दीड वर्ष माझ्या नावापुढे पेन्सिलीने काढलेलं प्रश्नचिन्ह होतं. बरं, ते काढणाऱ्या बाईंचा तरी काय दोष? माझं रूपच असं आहे. पण मी मानाने जगलो, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखे हजारो जण तिथे एका पट्ट्यावरून सरकत होते. तिथून मी मुंबईला दीपक सकपाळच्या खिशात आलो. दीपक लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं गाव पोलादपूर तालुक्यात, उमरठच्याही वर, डोंगराच्या कुशीतली एक वाडी. दोन वर्षं त्याने मला दिवसरात्र राबवलं. मग शिमग्याला तो गावी निघाला तेव्हा खिशात नवा फोन होता आणि मी पिशवीत, फरसाणाच्या पुड्यांशेजारी. वीर स्टेशनात उतरलो, रिक्षाने महाडला आलो, तिथून एसटीने पोलादपूर आणि पुढे चढ.

"बाबा, हा घ्या. गावाला एकदम चालेल," असं म्हणत दीपकने मला वडिलांच्या, कुशाबांच्या हातात ठेवलं. 'गावाला चालेल' हे शब्द मला लागले. पण जिथे टाकलं तिथे पाय रोवायचे, एवढं मला ठाऊक होतं.

वाडीत रेंज नव्हती. ती फक्त वरच्या वळणावर, वडाखाली यायची. दर रविवारी संध्याकाळी कुशाबा आणि त्यांची बायको तुळजाबाई मला घेऊन तिथवर चढायची. तुळजाबाई मला कानाला लावत नसत. देवळात प्रसादाचा द्रोण धरावा तसं दोन्ही हातांनी तोंडासमोर धरत आणि सगळ्या दरीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "दीपक, जेवलास काय रे?" पहिला प्रश्न कायम तोच. मी तो दोन वर्षं न चुकता मुंबईला पोचवला.

तिसऱ्या वर्षी तुळजाबाई गेल्या. त्यानंतर कुशाबा वळणावर चढलेच नाहीत. बाजाराला खाली उतरले की जरुरीपुरतं बोलायला त्यांच्याकडे बटणांचा छोटा फोन होता. मी कोनाड्यात पडून राहिलो. माझ्यावर धूळ बसली आणि एका पालीने माझ्या आडोशाला संसारही थाटला. मित्रांनो, काम नसलेल्या वस्तूला दिवस फार मोठा असतो.

तुळजाबाईंना अक्षर ओळखता येत नव्हतं. आपण शिकलो नाही याची त्यांना खंत होती. "पोरांच्या शालेला कायतरी द्या," असं त्या जाता जाताही म्हणाल्या होत्या, आणि कुशाबांनी शाळेला कंप्यूटर द्यायचा शब्द दिला होता. वाडीच्या शाळेत सातवीपर्यंत मिळून अकरा मुलं आणि प्रियदर्शिनीबाई नावाच्या शिक्षिका. कुशाबांनी मला त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, "बाई, यात कंप्यूटर असतो असं म्हंतात. खरं काय?"

बाईंनी मला पुसलं, उघडलं आणि थोडा वेळ चाळून बघितलं. "आबा, लिहिणं, मोजणं, तक्ते, नकाशे, सगळं होतं यावर. फोन आहे म्हणून याला कमी समजू नका."

मग काय विचारता! कुशाबांनी मला महाडच्या बाजारात भांड्याच्या दुकानात नेलं. हंडे-कळशांवर नावं घालणाऱ्याने आधी हात जोडले. "आजोबा, पातेलं आहे का हे? आत बॅटरी असते."

"हलक्या हातानं घाल. शालेला देयाची वस्तू हाय, नावाशिवाय देऊ काय?"

त्याने मशिन अगदी हलकं टेकवलं. माझ्या पाठीवर कापरं भरलं, पण मी फुटलो नाही. आजही तिथे वाचता येतं, 'कै. सौ. तुळजाबाई कुशाबा सकपाळ यांच्या स्मरणार्थ.' एवढ्या हजारो भावंडांत पाठीवर असं नाव मिरवणारा दुसरा कुणी असेल, असं मला वाटत नाही.

पण शाळेच्या दारातच माशी शिंकली. वाडीने सहा महिन्यांपूर्वी ठराव केला होता, शाळेत फोन आणायचा नाही. बाईसुद्धा आपला फोन घरी ठेवून येत. ठरावामागे होत्या शाळा समितीच्या जानकीबाई. त्यांचा नातू फोनवरच्या खेळाच्या नादाने सहामाहीत नापास झाला होता, त्यामुळे दुधाने पोळलेल्या त्या ताकही फुंकत होत्या. मला बघताच त्यांनी देवळात बैठक बोलावली.

"फोन म्हंजे फोन," जानकीबाई म्हणाल्या. "आज याला कंप्यूटर म्हना, उद्या पोरं त्याच्यावर कायबी करतील."

कुशाबा म्हणाले, "बैल गाडीला जुपला का गाडीचा, नांगराला जुपला का नांगराचा. जनावर तेच हाय, जानकी."

"आनि बैल परत गाडीला जुपलास तर?"

 कुशाबा उठून घरी गेले. बैठक मोडली असं सगळ्यांना वाटलं, तेवढ्यात ते परत आले. हातात एमसीलची पुडी होती, पाण्याचा पाइप गळला की लावतात तीच. काळा आणि पांढरा गोळा त्यांनी तळहातावर एकत्र मळला. माझ्या कुशीतलं सिमकार्ड काढून दीपकला परत करायला खिशात टाकलं आणि सगळ्या वाडीदेखत सिमचं भोक बुजवून टाकलं.

"झाला गो बाय! आता याला कुनाचा फोन येनार नाय आनि याच्यावरनं कुनाला जानार नाय."

जानकीबाईंनी लगद्यावर नख दाबून बघितलं. तो दगडासारखा घट्ट झाल्यावरच त्यांनी मान हलवली. पोरं हसली, मोठी माणसंही हसली. मुंबईहून दीपकने बापाला येडं ठरवलं. मला काय वाटलं? खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. 'जेवलास काय रे' पोचवणारा मी, माझा आवाज कायमचा गेला होता. पण भोक बुजवण्याआधी कुशाबांनी माझ्या पाठीवरच्या नावावरून अंगठा फिरवला, ते फक्त मला कळलं.

प्रियदर्शिनीबाईंनी शाळेची जडवस्तूंची नोंदवही उघडली. या वहीत टेबलं, फळे, घंटा, सगळ्यांची एकेक ओळ असते. वस्तूच्या नावाच्या रकान्यात त्यांचं पेन थांबलं. शेवटी त्यांनी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'फोन / संगणक ?'

नाव राहिलं अर्धवट, पण काम मिळालं पुरेपूर. माझ्यावर पोरं लिहायला शिकली, पाढे म्हणू लागली, जिल्ह्याचा नकाशा बोटाने सरकवू लागली. त्यात निशा नावाची सहावीतली मुलगी माझी खरी धनीण झाली. तिची आई आणि ती रोज पाण्याला जायच्या. आमच्याकडे पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि मार्च उजाडला की हंडा भरायला मैलभर चालावं लागतं. वाडीच्या आसपास पाच झरे आहेत. कुठला कधी आटतो यावर बायकांची रोज हुज्जत चाले. निशाने ठरवलं, मोजूनच बघायचं.

जानकीबाईंकडून तिने विहिरीचा जुना दोर मागून घेतला आणि वीत-वीतभर अंतरावर गाठी मारल्या. दर शनिवारी शाळा सुटली की ती मला दप्तरात घालून पाचही झऱ्यांवर जायची. दोर सोडायची, ओल्या गाठी मोजायची, माझ्याकडून फोटो काढून घ्यायची आणि आकडा माझ्यात लिहायची. दिवाळीपासून जूनपर्यंत, अगदी मेच्या सुट्टीतही, एक शनिवार चुकला नाही. तापात होती तेव्हा आईला पाठवलं. मग त्या आकड्यांच्या मी पाच रंगीत रेषा काढून दिल्या. देवळामागचा मोठा झरा, ज्याच्यावर सगळी वाडी विसंबून असायची, त्याची रेष होळीलाच जमिनीला टेकली होती. फणसाखालच्या बारक्या झऱ्याची रेष मात्र मे संपेपर्यंत तीन गाठींच्या खाली उतरलीच नव्हती. त्या झऱ्याला कुणी विचारत नव्हतं. मला तो आपल्यातलाच वाटला.

निशा सातवीत गेली त्या डिसेंबरात पोलादपूरला तालुक्याचं प्रदर्शन होतं. प्रकल्प संगणकावर केलेला हवा, हा पहिला नियम. मोबाईल आणायला सक्त मनाई, हा दुसरा. झाली का पंचाईत? बाई म्हणाल्या, "जाऊन तर बघू." निशा, बाई आणि हट्टाने बरोबर निघालेले कुशाबा, अशी आमची वरात एसटीने पोलादपूरला पोचली.

दारात राहुल नावाचा स्वयंसेवक होता. पुढ्यात निळा प्लॅस्टिकचा टब. येईल त्याचा मोबाईल टबात आणि हातात नंबराचा बिल्ला. निशाने मला दाखवताच त्याने हात पुढे केला. "मोबाईल ना? टाक टबात."

"ह्यो कॉम्प्युटर हाय," निशा म्हणाली.

"मग माझ्या खिशात पण कॉम्प्युटरच आहे. टाक."

आणि मी टबात पडलो. निशाचा चेहरा उतरला. सात महिन्यांचे शनिवार, पाच रेषा, सगळं माझ्या पोटात होतं. मी बाहेर राहिलो तर तिला रिकाम्या टेबलामागे उभं राहावं लागणार होतं. बाई तिला घेऊन परीक्षकांना भेटायला आत गेल्या. कुशाबा मात्र टबाशेजारी बाकावर ठाण मांडून बसले.

टबात काय गोंधळ होता! एकातून लग्नाची गाणी वाजत होती, दुसऱ्यातून आरती, तिसऱ्यातून कोंबडा आरवत होता. मी आपला गप्प. थोड्या वेळाने कुशाबा म्हणाले, "पोरा, माझ्या वस्तूला जरा फोन लाव बघू."

"नंबर सांगा, आजोबा."

"नंबर नाय."

"नंबरच नाही तर लावू कसा?"

"आमची पोर दुसरं काय सांगत व्हती मगाशी?"

राहुलने मला उचललं. कुशीतला लगदा बघितला, नखाने टोकरला, पाठीवरचं नाव वाचलं. तो हसला नाही. "हे कुणी बुजवलं?" त्याने विचारलं. कुशाबांनी बैलापासून एमसीलपर्यंत सगळी कथा सांगितली. तेवढ्यात परीक्षक बाई निशाबरोबर बाहेर आल्या. राहुलने मला त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मॅडम, एवढ्या वेळात सगळे वाजले, हा एकदाही नाही वाजला."

परीक्षक बाई काही लेच्यापेच्या नव्हत्या. "सिम नसलं म्हणून काय झालं? वायफायवरून बोलता येतंच की."

"येतं," निशा म्हणाली. ती घाबरली होती, पण खोटं बोलली नाही. "पन मॅडम, तसं तर मोठ्या कॉम्प्युटरवरनंपन बोलता येतं. मग त्याला कुनी फोन म्हनत नाय."

"मग संगणक कशाला म्हणायचं, तू सांग."

निशाने माझ्याकडे बोट केलं. "आपन मोजून मोजून देतो त्या सगल्याचा मेळ घालून जो आपल्याला ठाऊक नसलेलं सांगतो, त्याला. आमची आख्खी वाडी देवलामागच्या झऱ्यावर जायची. यानं सांगितलं फनसाखाली जावा."

परीक्षक बाईंनी मला उघडलं आणि पाच रेषा बघितल्या. "एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी फणसाखाली किती पाणी होतं?" निशाचं बोट एकदा फिरलं आणि मी क्षणात उत्तर दिलं, 'चार गाठी', शेजारी ओल्या दोराचा फोटो. परीक्षक बाईंनी फोटोतल्या ओल्या गाठी एकेक करून मोजल्या. मग त्यांनी प्रवेशाचा कागद मागवला आणि 'वापरलेले साधन' या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'संगणक'. मित्रांनो, माझ्या छातीची काच आधीच तडकलेली होती, नाहीतर त्या वेळी नक्की तडकली असती!

निशाचा तिसरा नंबर आला. पहिला यायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. पण पुढच्या उन्हाळ्यात जानकीबाईंनी वाडीतल्या सगळ्या बायका नेऊन फणसाखालचा झरा उपसला आणि दगडांनी बांधून काढला. त्याहून मोठं बक्षीस मला माहीत नाही.

प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी प्रियदर्शिनीबाईंनी नोंदवही काढली. कुशाबांना मुद्दाम शाळेत बोलावलं होतं. बाईंनी खोडरबराने जुनी ओळ पुसायला घेतली. प्रश्नचिन्ह गेलं. 'फोन' या शब्दावर रबर टेकणार, एवढ्यात कुशाबांनी हात आडवा घातला.

"त्यो नका पुसू, बाई."

"का आबा? तुम्हीच तर..."

"मीच बुजवला, खरं हाय. पन ती त्याच्यावरनं दीपकशी बोलायची."

बाईंनी रबर खाली ठेवलं आणि पेन उचललं.  मला बोलता आलं असतं तर त्या क्षणी मी एकच वाक्य बोललो असतो, आणि ते कुठलं हे तुम्हाला ठाऊक आहे.

आता मी म्हातारा झालो. बॅटरी धरत नाही, वायर लावली तरच जागा होतो. मुलांनो, तुमच्याही घरी कपाटात, कोनाड्यात माझी भावंडं पडली असतील. त्यांना काय म्हणावं याचा वाद मागाहून घाला. आधी त्यांची धूळ पुसा आणि त्यांना काहीतरी काम द्या. मीही कोनाड्यातच होतो. आज शाळेच्या वहीत निळ्या शाईने माझी ओळ आहे, ती कुणीही येऊन वाचावी:

'संगणक, नग एक. पूर्वीचा फोन. चालू.'