पाला नसलेली बशी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बशी आहे. चहाची नव्हे, जंतू वाढवायची, झाकणाची. आणि मी जन्माची भित्री आहे. भट्टीत तडकायची भीती, आगगाडीत पेंढ्यातून येताना फुटायची भीती. मध्य भारत राज्य नवं होतं, तेव्हा मी इंदूरच्या एका प्रयोगशाळेत पोचले. तिथे माझ्यात जेली ओतून तिच्यावर पुवाचे जंतू पसरत. ते अंगावर वाढू लागले की माझा थरकाप उडे.

तिथले संशोधक श्रीपादराव खजराना रस्त्यावरून कडुनिंबाचा पाला आणत आणि स्पिरिटमध्ये भिजवून त्याचा अर्क काढत. त्यांच्या लहानग्या बेबीच्या पायाची जखम चिघळली होती. पेनिसिलिनची सुई दिसली की ती रडून घर डोक्यावर घेई. एकदा श्रीपादरावांनी एका बशीतल्या जंतूंवर अर्काचा थेंब सोडला आणि माझ्यात, तुलनेसाठी, नुसत्या स्पिरिटचा. दुसऱ्या दिवशी अर्काभोवती जंतूच नव्हते. स्वच्छ, गोल घेरा!

"गजब झालं!" श्रीपादराव ओरडले. "आजपासून बेबीचं इंजेक्शन बंद. हाच अर्क लावतो तिला."

मी भीतीने गार पडले. कारण तेवढाच घेरा माझ्यातही पडला होता. जंतू पाल्याने नव्हे, स्पिरिटने मेले होते! पण मला ओरडता कुठे येतं? श्रीपादराव टोपी घालून दाराकडे निघालेसुद्धा. आता त्या पोरीचा पाय जाणार, एवढंच मला दिसत होतं.

"श्रीपादजी, रुका जरा," त्यांच्या सहकारी प्रेमलताबाई म्हणाल्या. "दुसरी प्लेट तर बघून घ्या."

"उसमें क्या देखना? त्यात पालाच नाही."

"तरी पण, देखो तो सही."

श्रीपादरावांनी माझं झाकण उचललं आणि माझ्यातला घेरा पाहिला. मग टोपी काढून खाली बसले. "बाप रे," ते हळूच म्हणाले, "मी तर इंजेक्शन बंद करायला निघालो होतो."

पुढे स्पिरिट उडवून त्यांनी अर्क पुन्हा तपासला. घेरा आला, पण शेंगदाण्याएवढा. खरा होता, मात्र बेबीच्या जखमेला पुरला नसता. सुया घेऊन ती बरी झाली आणि एकदा आपल्या पायांनी चालत आम्हाला बघायला आली.

आता माझ्या कडेचा टवका उडालाय. माझ्यात टाचण्या ठेवतात. तरी जुनी भीती जात नाही. मित्रांनो, औषधाची बशी तुम्ही हौसेने बघाल. तेव्हा शेजारच्या साध्या बशीचंही झाकण उचला. तिला हाक मारता येत नाही.